हनीफ मास्तरांची ट्रायल

सोनगीरच्या किल्ल्यावर कधीमधी रविवारी सकाळी एक माणूस डोक्यावरून काळी खोळ घेऊन दगडावर बसलेला दिसे. कमरेपर्यंत काळं कापड, खाली मळखाऊ पँट आणि चपला. कापडाच्या आत कसलीतरी हालचाल. पहिल्या वेळी शेळ्या चारणारी एक म्हातारी चांगली दहा पावलं लांब थांबली आणि तिनं शेजारी रंगवत बसलेल्या आम्हाला विचारलं, “हाऊ काय करी राह्यना, भाऊ?” आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत खोळीतूनच आवाज आला, “ट्रायल चालू शे, माय. घाबरू नको.”

खोळीतले गृहस्थ म्हणजे हनीफ मास्तर. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. खोळीच्या आत असायचा टॅबलेट. उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, म्हणून दुकानात उरलेल्या काळ्या अस्तराची खोळ त्यांनीच शिवलेली. समोरचा डोंगर ते आधी टॅबलेटवर काढत. प्रथम फक्त तीन छटांत: पांढरा, करडा, काळा. “तीन रंगांत कापड समजलं नाही, तर तीस रंगांत काय समजणार?” मग बुरूज थोडा डावीकडे सरकवून बघत, लिंबाचं झाड काढून टाकत, पुन्हा आणत. आकाश एकदा पिवळट करून बघत, एकदा धुळकट निळं. पांढरा कागद कुठे कोरा ठेवायचा, पहिला हात कुठला, शेवटचा गडद ठिपका कुठला, हे सगळं ठरलं की डोकं खोळीबाहेर काढत. टॅबलेट एका पिशवीत टाकत. त्या पिशवीला सात बटणं होती. मी विचारलं, सात कशाला? म्हणाले, “उघडायचा कंटाळा यावा म्हणून.”

आणि खरोखरच ते ती पुन्हा उघडत नसत. कागद ओला करत आणि मान वर न करता अर्ध्या तासात चित्र संपवत. टॅबलेटकडे एकदाही बघत नसत. “ट्रायल झाली, गिऱ्हाईक घरी गेलं. आता त्याला पुन्हा पुन्हा कशाला बोलवायचं?”

मास्तर गेले. त्यांच्याविषयी लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. मी कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. कमी बोलण्यात एक सोय असते, लोक त्याला सभ्यपणा समजतात. माझ्या बाबतीत तो बहुतेक वेळा भित्रेपणा होता. आणि जेव्हा बोललो, तेव्हा जे बोललो तेच सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मास्तरांची नि माझी पहिली गाठ कोटामुळे पडली. धाकट्या भावाच्या लग्नासाठी मी आयुष्यातला पहिला कोट शिवायला टाकला. मास्तरांनी माझ्या खांद्यांवर टेप टाकली, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, “सर, शाळेत जाताना पिशवी डाव्या खांद्यावर असते का?”

“हो. का?”

“पाऊण इंच पडलाय.”

“मी तर सरळच उभा आहे.”

“माणूस सरळ उभा आहे असं फक्त त्यालाच वाटतं, सर. म्हणून तर आमचा धंदा चालतो.”

डाव्या खांद्यात त्यांनी गुपचूप थोडं जास्त पॅडिंग भरलं. लग्नाच्या फोटोत मी इतका सरळ दिसतो की बायको आजही म्हणते, हे तुम्ही वाटतच नाही.

मी धुळ्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. चोवीस वर्षं मी हा सूर्य उगवतो आहे. एकदा मास्तरांच्या दुकानात बाकावर बसून मी माझी जलरंगाची वही चाळत होतो. मास्तरांनी मान लांब करून बघितलं. काज करायचं थांबवलं. “हे पाण्याचं काम?”

“जलरंग.”

“चुकलं तर?”

“चुकलं तर चुकलं. पुसता येत नाही.”

मास्तरांचे डोळे चमकले. आपल्यासारखाच धंदा करणारा दुसरा कुणी भेटला की माणसाचे चमकतात तसे. “म्हणजे कात्रीच की! कात्रीला माफी नाही, सर. एकदा बाहीचं कापड कापलं की अल्लाला सुद्धा ते जोडायला रफूवालाच बोलवावा लागेल. मला शिकवा.”

असे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तर माझे विद्यार्थी झाले. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी माझ्या घरी यायचे. ओल्या कागदावर रंग कसा सोडायचा, तो पसरत असताना हात कसा आवरायचा, हे मी शिकवलं. ते शिकले, पण कागद वाया गेला की त्यांना रात्रीचं जेवण गोड लागत नसे. मग एक दिवस टॅबलेट घेऊन आले. त्यांची मुलगी शबाना कपड्यांच्या डिझाइनचं शिकत होती. तिचा जुना टॅबलेट घरात पडून होता. तिनं त्यांना त्यावर बाह्या-कॉलरी काढायला शिकवलं होतं. मास्तरांना त्यात रंग सापडले.

“हे बघा सर. इथं उसवता येतं.” त्यांनी एक निळा पट्टा ओढला, एका टिचकीत घालवला, पुन्हा ओढला. “कागदावर उसवता येत नाही. मग जे उसवायचं ते आधी इथं उसवून घ्या ना. कच्चा टाका इथं, पक्की शिलाई तिथं.” टॅबलेटमध्ये चित्र एकावर एक अशा पारदर्शक थरांत काढता येतं. मास्तर त्या थरांना अस्तर म्हणायचे. “हे डोंगराचं अस्तर. हे सावलीचं. हे वरचं कापड. कुठलंही काढा, बाकी जागच्या जागी.” शेवटचे गडद ठिपके म्हणजे काज-बटण. “काज-बटण आधी करणारा शिंपी मी बघितला नाही. चित्रकार बघितले.” हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते.

मी त्यांना पाण्याचं काम शिकवलं, त्यांनी मला पडद्याचं. ही देवाणघेवाण बरोबरीची होती. इथपर्यंत मी माणूस बरा होतो.

आमचं एक रविवारचं मंडळ होतं. चार-पाच जण. भामरे आबा हे त्याचे प्रमुख, निवृत्त कलाशिक्षक, सत्तरीचे. घडीची खुर्ची, गवताची टोपी. बँकेतून निवृत्त झालेले वाणीभाऊ, एक दातांचे डॉक्टर, आणि मी. सोनगीर, पारोळा, कधी पांझरेचा काठ. आबांचा नियम कडक: जागेवर जायचं, बसायचं, थेट रंगवायचं. फोटो नाही, रबर नाही. “रबर म्हणजे भित्र्याचा देव,” आबा म्हणायचे. “चूक झाली तर दिसू द्या. चूक म्हणजे चित्रकाराची सही.” ज्याला पंचवीस वर्षं नोकरीत एकही चूक कबूल करावी लागली नाही, असाच माणूस चुकीबद्दल इतक्या प्रेमानं बोलू शकतो.

अकरा वाजता सगळ्यांची चित्रं एका चादरीवर मांडायची, कोपऱ्यावर दगड ठेवायचे आणि प्रत्येकानं प्रत्येकाच्या चित्राबद्दल एकेक वाक्य बोलायचं. याला आम्ही पंगत म्हणत असू. मी मास्तरांना मंडळात आणलं आणि पंगतीला चव आली. डॉक्टरांच्या झाडाला मास्तर म्हणाले, “साहेब, इस्त्री छान फिरवलीय.” वाणीभाऊंनी पाणी नेणारी बाई काढली होती. मास्तरांनी चष्मा वर केला. “भाऊ, हिला तिसरी बाही पण शिवायची का?” आबांच्या चित्रापुढे उकिडवे बसून म्हणाले, “आबा, चूक एकदम अस्सल आहे. कुठून आणली?” आबांना हसावं की रागवावं कळेना, म्हणून त्यांनी टोपी सारखी केली. माझ्या चित्राला मास्तरांचं वाक्य ठरलेलं असायचं: “सर, हे धुवायला टाका.”

ते खरं होतं. माझी चित्रं गढूळ व्हायची. मी थेट रंगवायला घाबरायचो, घाबरून रंगावर रंग द्यायचो आणि चिखल व्हायचा. विद्यार्थ्यांना चोवीस वर्षं धाडस शिकवलेल्या माणसाला रविवारी चारचौघांत चिखल दाखवावा लागतो, हे सोपं नसतं.

म्हणून मी टॅबलेट घेतला. धुळ्यात नाही. धुळ्यात दर तिसरा दुकानदार माझा विद्यार्थी. बसनं जळगावला गेलो, मावसबहिणीला भेटायचं निमित्त केलं, तिला न भेटताच टॅबलेट घेऊन परत आलो. शनिवारी दुपारी स्कूटरनं एकटाच सोनगीरला किंवा पारोळ्याला जायचं, फोटो काढायचे, घरी टॅबलेटवर अख्खं चित्र जुळवायचं. बाह्यरेषा छापून घ्यायच्या, खिडकीच्या काचेवर तो कागद लावायचा, वर चांगला कागद, आणि पुसटशा पेन्सिलीनं सगळं उतरवून घ्यायचं. बायकोनं एकदा विचारलं, “काच पुसताय का?” मी हो म्हणालो. रविवारी त्याच जागेवर जाऊन बसायचं आणि डोळे बारीक करून डोंगराकडे बघायचं.

फरक लक्षात घ्या. मास्तर सगळ्यांसमोर खोळ घालून ट्रायल घेत आणि नंतर टॅबलेट सात बटणांच्या आत कोंडून, हातानं, मनानं रंगवत. मी ट्रायल घरी घेत होतो आणि गिऱ्हाइकाच्या अंगावरचाच कपडा चोरून आणत होतो.

तीन महिन्यांत माझं कौतुक सुरू झालं. “काय हात बसलाय!” आबा म्हणाले. “याला म्हणतात थेट काम.” मास्तर माझ्या चित्रापुढे उकिडवे बसले, बराच वेळ बघितलं, आणि प्रथमच “धुवायला टाका” म्हणाले नाहीत. म्हणाले, “सर, आता वरून तरी बसतंय.” मला वाटलं, स्तुती आहे.

मास्तरांच्या खोळीवर मंडळात कुणाचा आक्षेप नव्हता. गंमत होती. डॉक्टर आपल्या पाहुण्यांना मुद्दाम खोळ दाखवायला आणायचे. आक्षेप कधी आला? मास्तरांनी सोनगीरचं एक चित्र केलं तेव्हा. दहा वाजताचं रणरणतं ऊन, किल्ल्याची उघडी टेकडी, आणि आकाश म्हणजे पांढुरक्या धुळीतून निळा रंग जेमतेम श्वास घेतोय असं. अर्ध्याहून अधिक कागद कोराच. त्या कोऱ्या कागदाकडे बघून डोळे दिपत होते. पंगतीत त्या दिवशी कुणी वाक्य बोललं नाही. आबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

तत्त्व ही वस्तू अशी आहे की दुसऱ्याचं चित्र आपल्यापेक्षा चांगलं झालं की आठवते.

जळगावला मंडळाचं प्रदर्शन ठरलं होतं. प्रत्येकाचं एकेक मोठं चित्र. त्याच्या आठवडाभर आधी आबांच्या ओट्यावर बैठक झाली. मास्तरही होते. प्रदर्शनाच्या स्टँडना मागून लावायचं करडं कापड शिवून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, ते माप घ्यायला आले होते. आबा घसा साफ करून म्हणाले, “प्रश्न व्यक्तीचा नाही. प्रश्न थेटपणाचा आहे. यंत्रावर आधी काढलेलं चित्र थेट जलरंग म्हणून लावावं का? मास्तरांना मंडळात सरांनी आणलं. सरांनीच सांगावं.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मास्तरही. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. त्यांची खात्री होती. त्यांना टॅबलेट मी किती हौसेनं शिकून घेतला हे माहीत होतं. माझ्या एका वाक्याचं काम होतं: मीसुद्धा तेच करतो.

पण माझं चित्र त्याच प्रदर्शनात लागणार होतं. आबांनी ते मधल्या जागेसाठी निवडलं होतं. शाळेत मुख्याध्यापकांना मी निमंत्रण दिलेलं होतं.

मी म्हणालो, “मास्तरांचं काम चांगलं आहे. पण खरं सांगायचं तर ते रेडिमेड आहे.”

जोरात हशा झाला. शिंप्याला रेडिमेड म्हणणं! वाणीभाऊंनी मांडीवर थाप मारली. मी आयुष्यात चार लोकांना इतकं हसवल्याचं मला दुसरं आठवत नाही. आणि लाज म्हणजे काय ते सांगतो: मला त्या क्षणी बरं वाटलं.

मास्तर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “रेडिमेड, सर?” जणू मी माप चुकीचं सांगितलं आहे आणि ते एकदा खात्री करून घेत आहेत. मी खाली बघितलं. त्यांनी टेप गुंडाळली. “ठीक आहे. स्टँड सहा की सात, आबा?”

कापड त्यांनी वेळेवर दिलं. इतकंच नाही, जळगावला आमच्याच गाडीतून आले आणि हॉलमध्ये शिडीवर चढून प्रत्येक स्टँडवर स्वतः टाचण्या मारल्या. आमच्या सगळ्यांच्या चित्रांच्या मागे त्यांचं कापड होतं, एक सुरकुती नाही. त्यांचं चित्र तेवढं नव्हतं.

माझं मोठं चित्र मधोमध होतं. पारोळ्याच्या किल्ल्याबाहेरचा रस्ता, संध्याकाळ; त्या एका रविवारी मंडळ मुद्दाम संध्याकाळी बसलं होतं. पाहुणे म्हणून आलेले एक विद्वान गृहस्थ त्याच्यासमोर थांबले. हात मागे बांधून पुष्कळ वेळ बघितलं. मग रस्त्यावर आडव्या पडलेल्या एका लांब सावलीकडे बोट करून म्हणाले, “वा! ही सावली कशाची? कुठलीच वस्तू नाही आणि सावली आहे. हे अनुपस्थितीचं चित्र आहे. काय धाडस!” आबा अभिमानानं म्हणाले, “थेट काम आहे. जागेवर बसून केलेलं. एकही रेघ आधी नाही.” मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेतला.

मी त्या सावलीकडे बघितलं. तिथे विजेचा खांब होता. टॅबलेटवर मी खांब एका थरात काढला होता, त्याची सावली दुसऱ्या. खांब चित्राला आडवा येत होता म्हणून तो थर मी घालवला. सावलीचा घालवायला विसरलो. बाह्यरेषा छापल्या, काचेवर उतरवल्या, जागेवर बसून रंगवल्या. समोर खरा खांब उभा होता, मी तो बघतसुद्धा नव्हतो. डोळ्यांनी बघून काढणारा माणूस ही चूक करूच शकत नाही. ही चूक फक्त माझ्यासारखा चोर करू शकतो.

पाहुणे पुढे सरकले. मागे मास्तर उभे होते. तोंडात पाच टाचण्या. त्यांनी एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. पाचही टाचण्या काढेपर्यंत ते चित्राकडे बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “सर, वरचं कापड काढलं. अस्तर राहून गेलं.”

त्यांना त्याच हॉलमध्ये, त्याच पाहुण्यांसमोर, एका वाक्यात माझा निकाल लावता आला असता. त्यांची जीभ तर कात्रीपेक्षा धारदार. पण ते वळले आणि शेजारच्या स्टँडच्या कापडाची घडी सारखी करू लागले.

परतीच्या वाटेवर आम्ही पारोळ्याला चहाला थांबलो. मास्तर फॉर्मात होते. डॉक्टरांची, वाणीभाऊंची, त्या विद्वान पाहुण्यांची त्यांनी यथेच्छ टर उडवली. “साहेबांच्या कुर्त्याला उजव्या बाजूचा खिसाच नव्हता, आबा. अनुपस्थितीचा खिसा!” सगळे चहा सांडेपर्यंत हसले. मीही वाट बघत होतो, आता माझी पाळी येईल म्हणून. आली नाही. माझ्याकडे चहाचा कप सरकवत ते अदबीनं म्हणाले, “घ्या सर.”

त्या दिवसापासून त्यांनी माझी चेष्टा करणं बंद केलं. ते रविवारी यायचे बंद झाले, पण दुकानात मी गेलो की उठून बाक पुसत. “बसा सर. काय सेवा?” जो माणूस आमदारालासुद्धा “पोटाला टेप कमी पडतेय” म्हणायचा, तो माझं माप घेताना एक शब्द बोलत नसे. शेजारी गावाकडचा कुणी शेतकरी उभा असे, “मास्तर, मना सदरा कव्हय भेटी?” तर त्याला लगेच उत्तर, “तुनं पोट थांबी तव्हय! दर बजारले वाढी राह्यनं.” तो माणूस हसत हसत जायचा. मी पावती घेऊन जायचो. डाव्या खांद्याचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही. मुकाट्यानं पाऊण इंच धरत.

अशी दीड-दोन वर्षं गेली. मी शर्ट शिवत राहिलो. गरज नसताना शिवत राहिलो. बायको म्हणाली, “एवढे शर्ट कशाला? नवरदेव व्हायचंय का?” तिला काय सांगणार, की दर वेळी मी बोलायचं ठरवून जातो आणि माप देऊन परत येतो.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी बाकावर न बसता म्हणालो, “मास्तर, मला काही सांगायचंय. ते पारोळ्याचं चित्र...”

“टॅबलेटवरनं उतरवलेलं,” मास्तर कापडावर खडूनं रेघ ओढत म्हणाले. “पुढे?”

“मी तुम्हाला रेडिमेड म्हणालो.”

“हो. पुढे?”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं आता ते उठतील, खांद्यावर हात ठेवतील, म्हणतील जाऊ द्या सर.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. “हे मला कशाला सांगता, सर? मला तर माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.” आणि पुन्हा कामाला लागले. “मला सांगून तुमचं पोट हलकं होईल. माझं काय होईल?”

ते शर्टाची कॉलर कापत होते. कापडावर जाड कागदाचा फर्मा ठेवून त्याच्या कडेनं खडू फिरवत होते. फर्मा त्यांनी उलटा केला, दुसरी बाजू आखायला, आणि मला खालून निळा रंग दिसला. धुळकट, पांढुरका निळा. तो रंग मी हजारांत ओळखला असता.

“मास्तर, हे...”

“चांगला कागद आहे, सर. तुम्हीच सांगितलेला. जाड, पाण्याला दाद देत नाही. पुठ्ठा दोन महिन्यांत मऊ होतो, हा दीड वर्ष चाललाय.” फर्मा त्यांनी माझ्यासमोर धरला. “आकाशाची कॉलर झाली. किल्ल्याचे कफ झाले, ते तिथं खिळ्याला आहेत.”

“ते चित्र तुम्ही कापलं?”

“घरात ठेवून काय करू? लावायला भिंत पाहिजे.”

मी खिळ्याकडे बघितलं. मग न राहवून विचारलं, “माझे शर्ट?”

त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांनी प्रथमच त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं, चावरं हसू आलं. “सहा. सातवा हा.” आणि कात्री चालवली.

तो सातवा शर्ट मी आणला. घातला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायचं धाडसही केलं नाही. रविवारी जात राहिलो. टॅबलेट मात्र घेत नव्हतो, त्यामुळे चित्रं पुन्हा गढूळ होऊ लागली. आबा म्हणत, “वय झालं सर, हात चालत नाही आता.” मी हो म्हणायचो.

गेल्या दिवाळीनंतर शबानाचा फोन आला. मास्तर दुकानातच गेले. कापड कापता कापता टेबलावर डोकं टेकलं, कारागिराला वाटलं झोप लागली. मी दफनाला गेलो. मागे, भिंतीपाशी उभा राहिलो. पुढे उभं राहण्याची माझी जागा नव्हती, आणि ते तिथल्या कुणाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मंडळ पारोळ्याला जमलं. त्याच रस्त्यावर. रंगवून झाल्यावर चादर अंथरली, चित्रं मांडली. आबा आता काठी घेऊन चालतात. खुर्चीत बसत म्हणाले, “आज पंगतीआधी मास्तरांसाठी दोन मिनिटं शांत बसू. सर, तुम्ही त्यांना आणलंत. दोन शब्द बोला.”

मी उभा राहिलो. दोन शब्दांच्या जागी सगळं बोललो. जळगावला घेतलेला टॅबलेट, खिडकीची काच, शनिवारच्या फेऱ्या. समोरच तो खांब होता, तो दाखवला. त्या विद्वान गृहस्थांना दिसलेलं धाडस कुठून आलं ते सांगितलं. मास्तरांना ते माहीत होतं आणि त्यांनी तोंड उघडलं नाही, हेही सांगितलं.

मग डॉक्टर चुळबुळत म्हणाले, “जाऊ द्या हो सर. एवढं काय मनाला लावून घेता. आम्हीही फोनमध्ये थोडंफार जुळवून बघतोच की.” वाणीभाऊंनी त्यांना कोपरानं ढोसलं. जरा उशीर झाला.

“आम्ही म्हणजे कोण कोण?” आबांनी विचारलं.

सगळ्यांना एकाच वेळी आपापले ब्रश धुवायची आठवण झाली. आबा एकेकाच्या खाली गेलेल्या मानेकडे बघत राहिले. “म्हणजे इतकी वर्षं रबर न वापरणारा मूर्ख मी एकटाच,” ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. त्यांची गढूळ, वाकडी, चुकलेली चित्रं तेवढी खरी होती. ती आणि मास्तरांची.

ते काठीनं मातीत रेघा ओढू लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याचं ते सोनगीरचं चित्र मागवून घ्या. या वेळच्या प्रदर्शनात मधोमध लावू. मी स्वतः लावीन.”

“ते राहिलं नाही, आबा.”

“राहिलं नाही म्हणजे?”

“कापलं.”

आबा खुर्चीतून अर्धे उठले. “अरे, तसलं चित्र! कुणी कापलं?”

“मी,” मी म्हणालो.